खरेदीची विद्या : रत्नागिरी जिल्ह्याच्या संदर्भात

(व्याख्यानाचा मजकूर)



कोकणात 'आगोट' हा शब्द सर्वांच्या परिचयाचा आहे. मृगाचा पाऊस तोंडावर आला की घरोघर चार महिन्यांच्या बेगमीची लगबग सुरू होते. तांदूळ, मीठ, कांदे, आमसुले, सुकी मासळी, जळाऊ लाकूड, गुरांसाठी पेंढा या सर्वांचा हिशेब घरातील जाणती गृहिणी तोंडी मांडते. कोणती वस्तू किती लागेल, ती केव्हा घेतली तर स्वस्त पडेल, कोणाकडून घेतली तर खात्रीची मिळेल, कोठे ठेवली तर दमटपणापासून वाचेल आणि नवा माल येईपर्यंत हाताशी किती शिल्लक राहिली पाहिजे, या पाच प्रश्नांची उत्तरे तिला अनुभवाने ठाऊक झालेली असतात.

कारखाना, रुग्णालय, आगगाडीचे आगार, जिल्हा परिषद किंवा ग्रामपंचायत यांच्यापुढेही हेच पाच प्रश्न असतात. फरक इतकाच की, तेथे वस्तूंची संख्या शेकड्यांनी आणि हजारांनी मोजावी लागते, खर्च होणारा पैसा स्वतःचा नसतो आणि चुकीच्या खरेदीचे फळ खरेदी करणाऱ्याला नव्हे, तर ज्यांचा त्या व्यवहाराशी काही संबंध नव्हता अशा रुग्णांना, विद्यार्थ्यांना आणि करदात्यांना भोगावे लागते. म्हणूनच तेथे केवळ स्मरणशक्ती व सवय पुरी पडत नाही. गणित, नियम, नोंदी आणि नीती यांच्या पायावर उभे असलेले शास्त्र लागते. खरेदी व पुरवठा व्यवस्थापन, किंवा अधिक व्यापक अर्थाने सामग्री व्यवस्थापन, ते हेच शास्त्र होय. त्याचे रीतसर शिक्षण घेऊन व्यावसायिक अर्हता मिळविणे आज शक्य आहे. रत्नागिरीसारख्या जिल्ह्यात या शिक्षणाचे महत्त्व काय, त्यात काय शिकविले जाते आणि नोकरी सांभाळून ते कसे साध्य करावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

परंपरेची साक्ष

हे शास्त्र परदेशातून आलेले आहे, असा एक समज आहे. त्याची आजची परिभाषा परदेशी असली, तरी विचार या मातीला नवा नाही. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६७० च्या दशकात चिपळूण परिसरातील लष्करी छावणीच्या अधिकाऱ्यांना लिहिलेले पत्र इतिहासाच्या अभ्यासकांना सुपरिचित आहे. त्या पत्राचा आशय असा की, पावसाळ्यासाठी म्हणून दाणागोटा व वैरण यांचा साठा केलेला आहे. तो आताच हवा तसा उधळला, तर ऐन पावसाळ्यात काही मिळणार नाही आणि घोडी उपाशी मरतील. मग शिपाई कुणब्यांच्या घरून दाणे, भाजी, गवत उचलू लागतील आणि रयतेला शत्रू बरा वाटू लागेल. तेव्हा जे लागेल ते रोख पैसे देऊन बाजारातून घ्यावे, कोणावर जुलूम करू नये. गवताच्या गंजीजवळ विस्तव बाळगू नये, रात्री दिवा जळता ठेवू नये, कारण उंदराने जळती वात ओढून नेली तरी सारी वैरण भस्मसात होईल, इतकी बारीक सूचनाही त्या पत्रात आहे.

साठ्याची मुदत आणि वापराची गती यांचा मेळ, पुरवठा तुटण्याचा धोका, पुरवठादाराला वेळेवर आणि रास्त मोबदला, कोठाराची सुरक्षितता हे सामग्री व्यवस्थापनाच्या पाठ्यपुस्तकातील चार स्वतंत्र प्रकरणांचे विषय आहेत. साडेतीन शतकांपूर्वी चिपळूणच्या छावणीला पाठविलेल्या एकाच पत्रात ते सामावले होते.

रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ च्या सुमारास सिद्ध केलेल्या 'आज्ञापत्रा'तही आरमारासाठी लाकूड कसे मिळवावे याचा विचार आहे. राज्यातील अरण्यातून आवश्यक ते लाकूड परवानगीने तोडावे, कमी पडेल ते परमुलखातून खरेदी करावे. आंबा व फणस यांचे लाकूडही उपयोगी असले, तरी त्या झाडांना हात लावू नये, कारण ती वर्षा-दोन वर्षांत वाढत नाहीत, रयतेने ती लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात. एखादे झाड जीर्ण झालेले असेल, तर धन्याला राजी करून व द्रव्य देऊन ते घ्यावे, असे ते धोरण होते. ज्या जिल्ह्याची ओळखच आंब्याने होते, त्या जिल्ह्यातील खरेदी अधिकाऱ्याने हे धोरण आपल्या विद्येचा पहिला धडा मानावयास हरकत नाही.

व्यवसायाचा उदय

आधुनिक काळात या कामाला स्वतंत्र व्यवसायाचे रूप विसाव्या शतकात आले. अमेरिकेत १९१५ मध्ये खरेदी अधिकाऱ्यांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. ब्रिटनमध्ये १९३२ मध्ये अशीच संघटना निघाली. तिच्यातूनच पुढे विकसित झालेल्या संस्थेला १९९२ मध्ये राजसनद मिळाली आणि आज ती 'सिप्स' या संक्षिप्त नावाने जगभर परीक्षा घेते. भारतात या क्षेत्रातील दोन संघटनांच्या एकत्रीकरणातून १९७५ मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मटेरियल्स मॅनेजमेंट ही संस्था अस्तित्वात आली. तिचे राष्ट्रीय मुख्यालय नवी मुंबईत सीबीडी बेलापूर येथे असून मुंबई, पुणे, गोवा यांसह देशातील अनेक शहरांत तिच्या शाखा आहेत. सामग्री व्यवस्थापनातील पदविका व पदव्युत्तर पदविका हे तिचे मुख्य अभ्यासक्रम होत. नोकरी करणाऱ्यांना दूरशिक्षणाने ते पूर्ण करता येतात. लेखी परीक्षेबरोबरच प्रत्यक्ष कामावर आधारलेला प्रकल्प अहवालही सादर करावा लागतो.

'सिप्स'ची अर्हता पायरीपायरीने मिळते. प्रारंभिक प्रमाणपत्रापासून व्यावसायिक पदविकेपर्यंत टप्पे असून सर्व टप्पे पार केल्यावर आणि किमान ३ वर्षांचा जबाबदारीचा अनुभव असल्यावर पूर्ण सदस्यत्व मिळते. आखाती देशांत किंवा बहुराष्ट्रीय कंपन्यांत काम करू इच्छिणाऱ्यांना ही अर्हता उपयोगी पडते. देशातील उद्योग व सार्वजनिक उपक्रम यांत काम करणाऱ्यांना भारतीय संस्थेची पदविका अधिक जवळची आणि परवडणारी आहे. कोणता मार्ग निवडावा हे ज्याच्या त्याच्या नोकरीवर व आकांक्षेवर अवलंबून आहे. मात्र शुल्क भरण्यापूर्वी प्रवेशाच्या अटी, परीक्षेचे केंद्र आणि आपल्या आस्थापनेत त्या अर्हतेला मान्यता आहे किंवा नाही, या तीन गोष्टी लेखी विचारून घेणे शहाणपणाचे ठरेल.

काय शिकविले जाते?

या अभ्यासक्रमांत कायदा, लेखाशास्त्र, संख्याशास्त्र, वाहतूक, गुणवत्ता नियंत्रण, वाटाघाटी असे अनेक विषय असतात. त्यांतील काही मूलभूत कल्पना समजून घेतल्या, तर या विद्येचा उपयोग ध्यानात येईल.

पहिली कल्पना वर्गीकरणाची. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील फोर्ड डिकी यांनी १९५१ मध्ये मांडलेल्या पद्धतीनुसार साठ्यातील वस्तूंचे मूल्यानुसार अ, ब आणि क असे तीन वर्ग पाडले जातात. बहुधा असे आढळते की, थोड्याच वस्तूंवर खर्चाचा फार मोठा भाग होतो आणि असंख्य किरकोळ वस्तूंवर अगदी अल्प. अ वर्गातील वस्तूंवर कडक देखरेख ठेवावी व क वर्गातील वस्तूंसाठी कारकुनी श्रम वाया घालवू नयेत, हा त्याचा बोध. सामान्यतः कार्यालयांत याच्या उलट घडते. टाचण्या आणि कागदाची रिमे यांच्या नोंदींत दिवस जातो आणि मोठ्या यंत्राची खरेदी मात्र मार्च महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात घाईने उरकली जाते.

परंतु केवळ मूल्यावर विसंबून चालत नाही. रुग्णालयांसाठी वस्तूंचे दुसरे वर्गीकरण करतात : प्राणरक्षक, आवश्यक आणि इष्ट. कोकणातील उदाहरण यासाठी बोलके आहे. विंचूदंश हा या पट्ट्यातील जुना शाप. रायगड जिल्ह्यातील महाड परिसरात काम करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाच्या वापराने विंचूदंशाच्या रुग्णांचे प्राण वाचविता येतात, हे आपल्या संशोधनाने जगापुढे मांडले. हे औषध महाग नाही. मूल्याच्या वर्गीकरणात ते सर्वांत खालच्या वर्गात पडेल. पण एखाद्या रात्री दुर्गम गावातून विंचू चावलेले मूल प्राथमिक आरोग्य केंद्रात आणले गेले आणि ते औषध तेथे नसले, तर त्या रिकाम्या खणाची किंमत कोणत्याही नोंदवहीत मांडता येणार नाही. सर्पदंशावरील लशीचीही हीच कथा. मूल्याने क वर्गातील, पण प्राणरक्षक असलेली वस्तू कधीही संपू द्यावयाची नाही, हा नियम अशा दोन वर्गीकरणांच्या एकत्रित अभ्यासातूनच हाती येतो.

दुसरी कल्पना पुनर्मागणीच्या पातळीची. समजा, एका केंद्रात एखाद्या वस्तूचे रोज ४ नग लागतात. मागणी नोंदविल्यापासून माल हाती येईपर्यंत १५ दिवस जातात आणि संकटकाळासाठी १० दिवसांचा राखीव साठा ठेवावयाचा आहे. तर ६० अधिक ४० मिळून १०० नग शिल्लक असतानाच नवी मागणी गेली पाहिजे. आता पावसाळ्यात घाटात दरड कोसळून तोच माल यावयास ३० दिवस लागणार असतील, तर ही पातळी १२० अधिक ४० म्हणजे १६० नगांवर न्यावी लागेल. मुंबईतील गोदामाला लागू असलेला आकडा जून ते सप्टेंबर या काळात रत्नागिरीला लागू पडत नाही, ही गोष्ट सूत्रात बसवून दाखविता आली, तरच वरिष्ठांना ती पटते.

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण शहर पाण्याखाली गेले. महामार्ग आणि रेल्वे दोन्ही खंडित झाले, बाजारपेठेतील दुकाने व गोदामे मालासह बुडाली. अशा वेळी राखीव साठा असून भागत नाही. तो उंच जागी, एकाहून अधिक ठिकाणी आणि रस्ता तुटला तरी पोहोचता येईल असा असावा लागतो. धोक्याचे आधी मोजमाप करून पुरवठ्याचा दुसरा मार्ग व दुसरा पुरवठादार ठरवून ठेवणे हा आता या अभ्यासक्रमाचा महत्त्वाचा भाग झाला आहे.

तिसरी कल्पना किफायतशीर मागणीची. तिचे सूत्र फोर्ड हॅरिस यांनी १९१३ मध्ये मांडले. एखाद्या संस्थेला वर्षाला १,२०० नग लागतात, एक मागणी नोंदविण्याचा खर्च १०० रुपये आणि एक नग वर्षभर सांभाळण्याचा खर्च ६ रुपये आहे असे धरू. वर्षाचा सर्व माल एकदम घेतला, तर मागणीचे १०० रुपये आणि सरासरी ६०० नग सांभाळण्याचे ३,६०० रुपये मिळून ३,७०० रुपये लागतात. दरमहा १०० नग घेतले, तर मागणीचे १,२०० आणि सांभाळण्याचे ३०० असे १,५०० रुपये लागतात. दर दोन महिन्यांनी २०० नग घेतले, तर ६०० आणि ६०० असे १,२०० रुपये लागतात आणि हाच सर्वांत कमी खर्च होय. एकदम घेतले की स्वस्त पडते, ही सर्वसाधारण समजूत अशा साध्या गणितापुढे टिकत नाही. अर्थात, सूत्रामागे मागणी व पुरवठा वर्षभर समान राहील असे गृहीत असते. काजू प्रक्रिया करणाऱ्या कारखानदाराला कच्ची बी उन्हाळ्याच्या हंगामातच घ्यावी लागते, आंबा बागायतदाराला पेट्या फळ उतरण्यापूर्वी हाताशी लागतात. तेथे सूत्राला हंगामाची जोड द्यावी लागते. सूत्र कोठे लावावे आणि कोठे लावू नये, हे समजणे हेच शिक्षणाचे फळ होय.

चौथी कल्पना एकूण खर्चाची. वस्तूची किंमत म्हणजे पावतीवरील आकडा नव्हे. समजा, एका ग्रामपंचायतीपुढे ४० वॅटचा जुन्या पद्धतीचा दिवा आणि तितकाच उजेड देणारा २० वॅटचा एलईडी दिवा असे दोन पर्याय आहेत. रस्त्यावरील दिवा वर्षाला सुमारे ४,००० तास जळतो. म्हणजे एका दिव्यामागे वर्षाला ८० युनिट वीज वाचते. युनिटचा दर ६ रुपये धरला, तर ही बचत ४८० रुपयांची होते. पावतीवर स्वस्त दिसणारा दिवा प्रत्यक्षात महाग का, हे ग्रामसभेत याच हिशेबाने सांगता येते.

सार्वजनिक खरेदीची शिस्त

खाजगी मालक आपल्या मर्जीने खरेदी करू शकतो. सार्वजनिक पैशाला ती मुभा नाही. केंद्र शासनाच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांनी सार्वजनिक खरेदी करणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्यावर कार्यक्षमता, काटकसर, पारदर्शकता, पुरवठादारांना समान वागणूक आणि स्पर्धेला उत्तेजन यांची जबाबदारी टाकली आहे. महाराष्ट्र शासनाच्या उद्योग विभागाने १ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयाद्वारे कार्यालयीन खरेदीच्या कार्यपद्धतीची नियमपुस्तिका लागू केली. केंद्राचे शासकीय ई-बाजारपेठेचे संकेतस्थळ 'जेम' ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू झाले आणि दीर्घकाळ केंद्रीय खरेदीची धुरा वाहणारे पुरवठा व विल्हेवाट महासंचालनालय ऑक्टोबर २०१७ अखेर बंद करण्यात आले. २४ एप्रिल २०२३ रोजी, राष्ट्रीय पंचायत राज दिनी, 'ई-ग्रामस्वराज' आणि 'जेम' या दोन प्रणालींची जोडणी झाली. त्यामुळे पंचायतींनाही या बाजारपेठेतून खरेदी करण्याची वाट मोकळी झाली.

साधने बदलली, पण त्यांच्यामागील विवेक यंत्र पुरवू शकत नाही. संगणकाच्या पडद्यावर सर्वांत कमी दर आपोआप वर येतो. परंतु मागणीपत्रात वस्तूचे विनिर्देश चुकीचे लिहिले असतील, तर सर्वांत कमी दराने निरुपयोगी वस्तूच मिळते. पिण्याच्या पाण्याच्या शुद्धीकरणासाठी ग्रामपंचायती घेतात ती टीसीएल पावडर पाहावी. ताज्या पावडरीत उपलब्ध क्लोरीनचे प्रमाण सुमारे ३३ टक्के असते. दमट हवा, उष्णता आणि उजेड लागला की ते झपाट्याने घटते. सवलत मिळते म्हणून वर्षाची पावडर एकदम घेऊन ती गळक्या खोलीत ठेवली, तर भाद्रपदात विहिरीत पडते ती पावडर नव्हे, निव्वळ चुना. गावात काविळीची साथ आली, तर हिशेबाची वही निर्दोष असेल, लेखापरीक्षणात आक्षेपही येणार नाही, पण खरेदी मात्र सपशेल चुकलेली असेल. यासाठी विनिर्देशात क्लोरीनचे प्रमाण, उत्पादनाची तारीख व वेष्टन यांचा स्पष्ट उल्लेख, हप्त्याहप्त्याने पुरवठा, माल स्वीकारताना नमुन्याची तपासणी आणि आधी आलेला माल आधी वापरण्याची शिस्त या चार गोष्टी पुरेशा आहेत. त्यांना जादा पैसा लागत नाही, ज्ञान लागते.

लहान पुरवठादाराचा विचारही या शिस्तीत येतो. केंद्र शासनाची मंत्रालये व सार्वजनिक उपक्रम यांनी आपल्या खरेदीपैकी किमान २५ टक्के खरेदी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करावी, त्यात ३ टक्के वाटा महिला उद्योजकांचा असावा, असे धोरण आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियमानुसार अशा पुरवठादाराचे देयक जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करावे लागते. मिरजोळे औद्योगिक वसाहतीतील लहान कारखानदार असो की कोकमावर प्रक्रिया करणारा महिला बचत गट असो, त्याच्या दृष्टीने वेळेवर मिळालेले देयक हेच सर्वांत मोठे उत्तेजन होय. पैसे उशिरा देणाऱ्या कार्यालयाला पुरवठादार पुढील खेपेस दर वाढवूनच देतो, हा बाजाराचा साधा न्याय आहे.

रत्नागिरी जिल्ह्यातील संधी

रत्नागिरीचा अर्थव्यवहार पूर्वीसारखा आंबा, मासळी आणि मुंबईहून येणारी मनिऑर्डर एवढ्यापुरता राहिलेला नाही. खेड तालुक्यातील लोटे-परशुराम वसाहतीत रासायनिक कारखाने आहेत. रत्नागिरीजवळ पीव्हीसीचा मोठा प्रकल्प, जयगड येथे बंदर आणि १,२०० मेगावॅटचे औष्णिक वीज केंद्र, गुहागर तालुक्यात अंजनवेल येथे वायूवर चालणारा वीज प्रकल्प उभा आहे. २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग राष्ट्राला अर्पण झालेल्या कोकण रेल्वेचे प्रादेशिक कार्यालय रत्नागिरीत आहे. या प्रत्येक ठिकाणी सुटे भाग, रसायने, इंधन, वंगणे, सुरक्षा साहित्य यांची अखंड खरेदी चालते. मिरकरवाडा बंदरातील मच्छीमार संस्थांनाही डिझेल, बर्फ आणि जाळी यांचे नियोजन करावे लागते आणि १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात साठा व भांडवल कसे सांभाळावे, हा त्यांच्यापुढचा दरवर्षीचा प्रश्न असतो.

तरीही जिल्ह्यातील वाणिज्य किंवा कला शाखेचा पदवीधर आणि तंत्रनिकेतनातील पदविकाधारक यांना खरेदी व भांडार हा एक स्वतंत्र, शिकण्यासारखा व्यवसाय आहे याची कल्पना क्वचितच असते. भांडारपाल म्हणजे किल्ल्यांचा जुडगा सांभाळणारा इसम, अशी समजूत अजून आहे. कार्यालयांतही ज्याला दुसरे काम देता येत नाही त्याला भांडारात बसविण्याची प्रवृत्ती आढळते. वस्तुतः अनेक उत्पादन उद्योगांत एकूण खर्चाचा निम्म्याहून अधिक भाग सामग्रीवर होतो. ज्या टेबलावरून संस्थेचा निम्मा पैसा जातो, तेथे सर्वांत कमी शिकलेला माणूस बसवावा, याला काटकसर म्हणता येणार नाही.

अडचणी आणि उपाय

या शिक्षणाच्या वाटेवर अडचणी आहेत हे नाकारता येत नाही. पहिली अडचण अंतराची. मंडणगड किंवा राजापूर तालुक्यातील कर्मचाऱ्याला संपर्क वर्गासाठी मुंबई-पुण्याला जाणे परवडत नाही. दूरशिक्षण आणि संगणकावरील वर्ग यांमुळे ही अडचण पुष्कळ कमी झाली असली, तरी एकट्याने अभ्यास करताना उत्साह टिकत नाही, हा सार्वत्रिक अनुभव आहे. एकाच औद्योगिक वसाहतीतील किंवा एकाच तालुक्यातील चार-पाच जणांनी एकत्र नाव नोंदवून आठवड्यातून एक संध्याकाळ अभ्यासासाठी राखून ठेवावी, हा त्यावरील उत्तम उपाय. एकाला गणित येते, दुसऱ्याला करार कायदा, तिसऱ्याला प्रत्यक्ष निविदेचा अनुभव असतो. अशा मंडळात प्रत्येक जण विद्यार्थी आणि प्रत्येक जण शिक्षक होतो.

दुसरी अडचण भाषेची. पाठ्यपुस्तके आणि परीक्षा इंग्रजीत असल्याने मराठी माध्यमातून शिकलेला उमेदवार बिचकतो. परंतु विनिर्देश, दरपत्रक, तुलनात्मक तक्ता, दरकरार, बयाणा रक्कम, सुरक्षा अनामत, पुरवठा आदेश, जडवस्तुसंग्रह नोंदवही हे शब्द शासकीय कार्यालयातील कर्मचारी रोज वापरतो. इंग्रजी संज्ञेपुढे हा परिचित शब्द लिहून वही तयार केली, तर पुस्तकातील निम्मा विषय आपल्याला आधीच येतो, असे त्याच्या ध्यानात येते. महाविद्यालयांतील वाणिज्य व इंग्रजीच्या प्राध्यापकांनी अशी शब्दसूची तयार करण्यास हातभार लावला, तर ती जिल्ह्याची मोठीच सेवा ठरेल.

तिसरी अडचण वेळेची आणि प्रोत्साहनाची. दिवसभर काम करून रात्री अभ्यास करणाऱ्याला परीक्षेपुरती रजा मिळावी, त्याच्या प्रकल्पासाठी कार्यालयाची माहिती नियमांच्या मर्यादेत उपलब्ध व्हावी आणि उत्तीर्ण झाल्यावर त्याच्या ज्ञानाचा उपयोग करून घेतला जावा, एवढी अपेक्षा अवाजवी नाही. पदविका घेऊन आलेल्या कर्मचाऱ्याची दुसऱ्याच दिवशी आवक-जावक विभागात बदली झाली, तर त्याच्या मागून कोणी त्या वाटेला जाणार नाही.

ज्यांना पदविकेचा संपूर्ण अभ्यासक्रम शक्य नाही, त्यांच्यासाठीही दारे बंद नाहीत. पुण्यातील यशदा ही संस्था अधिकारी आणि पंचायत प्रतिनिधी यांना प्रशिक्षण देते. 'जेम'च्या वापराचे प्रशिक्षणही उपलब्ध असते. खरेदी समितीवर काम करणाऱ्या प्रत्येक सदस्याने निदान एवढा पाठ घेतल्याखेरीज तुलनात्मक तक्त्यावर स्वाक्षरी करू नये, असा संकेत प्रत्येक संस्थेने स्वतःसाठी पाडून घ्यावा.

शिक्षकांचा वाटा

शिक्षकांचा या विषयाशी संबंध दुहेरी आहे. शालेय पोषण आहाराचा तांदूळ व कडधान्ये यांचा साठा मुख्याध्यापकाला सांभाळावाच लागतो. आलेला माल मोजून घेणे, जुना आधी वापरणे, पोती भिंतीपासून दूर व जमिनीपासून उंच ठेवणे, पावसाळ्यापूर्वी छपराची डागडुजी करणे हे भांडार व्यवस्थापनच आहे. दुसरा संबंध विद्यार्थ्यांशी. वर दिलेले दिव्यांचे किंवा मागणीचे गणित आठवी-नववीच्या मुलाला सहज समजेल. शाळेच्या साठा नोंदवहीवरून असे एखादे उदाहरण वर्गात सोडविले, तर गणिताचा तास आणि नागरिकशास्त्राचा तास एकाच वेळी साधेल. आपल्या गावचा पैसा कसा खर्च होतो, हे विचारण्याची दृष्टी ज्या मुलाला लाभली, तो पुढे ग्रामसभेत गप्प बसणार नाही.

समारोप

खरेदीच्या खुर्चीवर बसणाऱ्याभोवती मोह असतात, हे सर्वविदित आहे. नियम त्याला रोखतात, लेखापरीक्षण त्याला पकडते. परंतु आपले काम हा एक प्रतिष्ठित व्यवसाय आहे, त्याची एक आचारसंहिता आहे आणि त्या व्यवसायाचे आपण सदस्य आहोत, ही जाणीव त्याला आतून सावरते. डॉक्टर आणि अभियंता यांना जी व्यावसायिक अस्मिता असते, ती खरेदी अधिकाऱ्यालाही लाभावी, हा या शिक्षणाचा गणितापलीकडचा हेतू आहे.

येत्या पावसाळ्यापूर्वी जिल्ह्यातील प्रत्येक कार्यालयाने, शाळेने आणि ग्रामपंचायतीने तीन साधी कामे हाती घ्यावीत. ज्या वस्तू संपल्या तर कोणाच्या जिवावर बेतेल, त्यांची यादी करून ती भिंतीवर लावावी. त्या प्रत्येक वस्तूपुढे पुनर्मागणीचा आकडा लिहावा. आणि आपल्या आस्थापनेतील निदान एका होतकरू कर्मचाऱ्याला, मग तो पुरुष असो वा स्त्री, या विषयाच्या शिक्षणासाठी नाव नोंदविण्यास उद्युक्त करावे. पहिल्या दोन कामांना एक दुपार पुरेल. तिसऱ्याला दोन-तीन वर्षे लागतील, पण त्याचा लाभ पुढील वीस-पंचवीस वर्षे त्या कार्यालयाला आणि त्याच्या दारी येणाऱ्या सामान्य माणसाला मिळत राहील.